शिपाई नंबर चौदा

मोतीबिंदू काढल्यावर महिन्याभरानं चष्मा मिळाला आणि द्वारकाबाईंना पुन्हा अक्षरं दिसायला लागली. तीन वर्षं सगळं दुधात बुडाल्यासारखं होतं. आता कॅलेंडरावरच्या बारीक तिथ्या, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, समोरच्या दुकानाची पाटी, मिळेल ते त्या वाचत सुटल्या होत्या. मुलगी बेबीनंदा शाळेत शिकवायला गेली की जुन्या जालन्यातल्या त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच उरायच्या. दारात उन्हाची पट्टी यायची, तिच्यात बसून कालचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, निविदा सूचनांसकट. त्या दिवशी सातव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीच्या वर, बोटभर बातमी होती. आफ्रिकेतल्या कुठल्या तरी देशात लहान मुलांना आपल्या फौजेत भरती करणाऱ्या टोळीप्रमुखांवर संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले होते. त्यांना आता परदेशी जाता येणार नव्हतं, बँकेतला पैसा हलवता येणार नव्हता. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना लढाईत ओढणं हा गुन्हा आहे, असं खाली लिहिलं होतं, आणि त्याच्याही खाली शेवटची ओळ: या मुलांचा वापर निरोप पोचवणे, दारूगोळा वाहणे आणि टेहळणी करणे यांसाठी होत असे.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. ‘वापर’ हा शब्द होता तिथंच होता. खताचा वापर, पाण्याचा वापर. पोरांचा वापर असं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. टाळूवर काहीतरी येऊन टेकल्यासारखं झालं आणि मान आपोआप ताठ झाली. जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ, तिच्यावर गवऱ्यांचं टोपलं. वर गवऱ्यांचे दोन थर, खाली पाचट, पाचटात काडतुसं आणि कधी कधी चिंध्यांत गुंडाळलेले हातबॉम्ब, कवठाएवढे. चालताना ते एकमेकांना लागू नयेत म्हणून पाऊल कसं सपाट टाकायचं ते अण्णासाहेबांनी स्वतः शिकवलं होतं, डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली परात ठेवून. आमराईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लहानगी द्वारका चालत गेली होती आणि थेंबभर पाणी सांडलं नव्हतं. सत्तावीस वर्षांचे अण्णासाहेब, वकिलीची परीक्षा अर्धवट टाकून निजामाविरुद्धच्या लढ्यात आलेले, कँपाचे प्रमुख. ते टाचा जुळवून तिच्यासमोर उभे राहिले होते आणि त्यांनी तिला सलाम ठोकला होता. “शाब्बास! आजपासून तू शिपाई. शिपाई नंबर चौदा.” अंगात परकर, पायात काही नाही, नाकात काडी. त्या सलामाची आठवण आली की आजही पोटात काहीतरी गोड हलायचं. लग्न झालं, नवरा जिनिंगमध्ये कामाला लागला, छप्पन्न सालानंतर सगळ्या वस्तीनं बुद्धाला हात जोडले, पोरं झाली, त्यातली एक जगली, नवरा गेला. या सगळ्यात कुणी त्यांना पुन्हा तसा सलाम केला नव्हता.

कँप होता वऱ्हाडच्या हद्दीत, निजामाच्या राज्याच्या अगदी कडेला. द्वारकाचं गाव अलीकडे, निजामाकडं, दीड कोसावर. मध्ये नदी आणि नदीच्या अलीकडे करोडगिरीचा नाका, येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घेणारा. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेलेले, मावशी सांभाळायची म्हणजे गवऱ्या विकायला धाडायची. कँपातल्या चुलीला गवऱ्या लागतात म्हणून ती तिकडं जायला लागली आणि मग जातच राहिली. येताना टोपलं रिकामं दिसू नये म्हणून थोड्या गवऱ्या ठेवायच्या, आणि त्यांच्या खाली हे, निजामाच्या हद्दीत लपून लढणाऱ्यांसाठी. अकरा वर्षांची होती ती. गावात महारवाड्याच्या बाहेर कुठल्या ओसरीवर पाय ठेवायची सोय नव्हती, आणि कँपात सगळ्यांची एकच पंगत बसायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तिखट. तिच्या ताटाशेजारी अण्णासाहेबांचं ताट. पहिल्या दिवशी तिला घास गिळवेना, ते म्हणाले, “खा गं, भाजी थंड होतेय.” एवढंच. दुपारी ते कोळशानं पत्र्यावर अक्षरं काढून द्यायचे. ‘द्वारका’ लिहायला चार दिवस लागले, पहिलं अक्षरच अवघड. बंदुकांना लावायच्या तेलाचा वास, आंब्याच्या सुकल्या पानांचा वास, कुणीतरी खड्या आवाजात म्हटलेली प्रभातफेरीची गाणी. चार महिने. सप्टेंबरात भारताची फौज आली, पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, कँप उठला आणि ती परत मावशीकडे गवऱ्या थापायला आली. त्या चार महिन्यांत किती जगून झालं, असं त्यांना नेहमी वाटायचं. पुढची अठ्ठावन्न वर्षं त्यामानानं नुसतीच गेली.

संध्याकाळी बेबीनंदा शाळेतून आली तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. ऊन केव्हाच दारातून निघून गेलं होतं.

“आई, काय झालं? डोळा दुखून राह्यला का?”

“बेबे, अठ्ठेचाळीस साली मी केवढी व्हते?”

“अठरा वर्षाची. स्वातंत्र्यसैनिकाच्या सर्टिफिकेटात लिहिलंय की.”

“ते अण्णासायबांनी लिहून देलं. अठराच्या आत चालत न्हाई म्हणले हापिसात. मी अकराची व्हते.”

बेबीनंदानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिला आईचं हे दुसरं वय माहीत नव्हतं. दवाखान्याच्या कागदावरही शहात्तर असंच लागलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, या वयाच्या मानानं बाईंची तब्येत फारच छान. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या सहावीतल्या पोरींएवढी?”

दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, बेबीनंदाच्या शाळेत द्वारकाबाईंना खुर्चीवर बसवून हार घालत. त्या गवऱ्यांच्या टोपल्याची गोष्ट सांगायच्या, पोरं टाळ्या वाजवायची. सहावीच्या पोरी पुढच्या रांगेत असायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढत. त्यांच्यातल्या एखादीच्या डोक्यावर टोपलं ठेवून बघायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आता ते आपोआप ठेवलं गेलं. मान इतकी बारीक असते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी ती बातमी कात्रीनं कापली, कमरेच्या पिशवीत घातली आणि सकाळच्या पॅसेंजरनं परतूरला निघाल्या. अण्णासाहेब परतूरला असत. जन्मभर वकिली केली, आता पंच्याऐंशीचे झाले होते. गाडीत कापसाच्या गाठींचं बोलणारे दोन व्यापारी समोर होते. खिडकीतून शेतं मागं पळत होती आणि द्वारकाबाईंना जे आठवायचं नव्हतं ते त्या पळत्या शेतांतून चालत येत होतं, हातात काळ्या शेळीचं दावं धरून. कचरू. तिच्याच वस्तीतला, नऊ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याला कँपात अण्णासाहेबांनी आणलं नव्हतं. तिनं आणलं होतं. तिला एकटीला जायला कंटाळा यायचा. “तिथं गूळ-शेंगदाणे देत्यात,” ती त्याला म्हणाली होती, आणि अण्णासाहेबांपुढं उभं करून म्हणाली होती, “यालाबी नंबर द्या.” तो नंबर पंधरा झाला. त्यानं शेळी घेऊन पन्नास पावलं पुढं चालायचं. नाक्यावर नेहमीच्याऐवजी दुसरेच लोक झडती घेत असतील तर शेळी डावीकडं बाभळींत घालायची, म्हणजे तिनं मागं वळायचं. पाच खेपा नीट पार पडल्या. येताना दोघं नदीत पाय सोडून बसायची. तो पाण्यात खडे टाकत मोजायचा, सतराच्या पुढं त्याला येत नव्हतं. तिला वाटायचं, आपण याला पुढचं शिकवू.

सहाव्या खेपेला श्रावण होता, पुलाखाली नदी भरलेली. कँपातून निघाल्यावर त्यानं वाटेतच शेळी थांबवली. “मला आज न्हाई जायचं.” आदल्या दिवशी नाक्यावर कुणीतरी त्याचा कान पिळला होता. तिला उशीर होत होता, डोक्यावरचं ओझं जड झालं होतं. तिनं त्याला ऐकवलं, जे कँपात ऐकलं होतं तेच, त्याच आवाजात: “शिपाई रडत न्हाई. रडायचं आसंल तर नंबर वापस दे.” कचरूनं नाक पुसलं आणि शेळी ओढली. नाक्यावर त्या दिवशी नवे लोक होते, एक लॉरी उभी होती. शेळी बाभळींत घालायला त्याला वेळच मिळाला नाही, त्यांनी त्याचं मनगट धरलं. ती पन्नास पावलांवर एका झाडामागं उभी होती. तो एकदाही मागं वळला नाही. वळला असता तर त्यांना कळलं असतं, मागं कुणी आहे. एवढं त्याला कळत होतं. मग त्यानं धरणाऱ्याच्या हाताला कडाडून चावा घेतला आणि नदीकडं पळत सुटला. एकच बार झाला. पाण्यात पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता, त्याच्या खड्यांपेक्षा थोडा मोठा. शेळी तेवढी तिच्याकडं परत आली. आणि ती वळली, दुसऱ्या वाटेनं दीड कोस चालत कँपात परत गेली, सपाट पाऊल टाकत. टोपल्यातली एकही वस्तू दुसरीला लागली नाही. “माल वाचवलास,” अण्णासाहेब म्हणाले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळानं म्हणाले, “गावात सांगायचं, पोरगं नदीत वाहून गेलं. नाहीतर बाकीच्या पोरांचे आईबाप घाबरतील.” तिनं तसं सांगितलं. सतरा सप्टेंबरच्या गोष्टीत कचरू कधीच आला नाही. शेळीसुद्धा आली नाही.

अण्णासाहेब ओसरीवर आरामखुर्चीत होते. नजर गेली होती, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. “द्वारका? एकटी आलीस?” सुनेनं चहा आणला. द्वारकाबाईंनी पिशवीतून कात्रण काढलं आणि वाचायला लागल्या. ज्यानं पत्र्यावर अक्षरं काढून दिली त्याच्यासमोर वाचताना त्यांनी ओळीखाली बोट धरलं. ‘वापर’ शब्दावर त्यांना थांबायचं नव्हतं, तरी थांबल्या. अण्णासाहेबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ त्यांची बोटं खुर्चीच्या दांडीवर फिरत राहिली.

“बराबर आहे,” ते म्हणाले. “निर्बंध घालायलाच पाहिजेत.”

“आन् आपुन?”

“आपण...” ते कोरडं हसले. “माझ्यावर घातले तरी मी आता परतूरच्या बाहेर कुठं जातो?” द्वारकाबाई हसल्या नाहीत. ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांचं तोंड मिटलं. “खरं सांगू? त्या वेळी मला कुणी असं बोललं असतं, तर मी त्याला निजामाचा हेर म्हटलं असतं. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.”

“मला कामून घेतलं व्हतं, अण्णासायब?”

“तू रोज नाका ओलांडत होतीस.”

“लई बाया वलांडत व्हत्या.”

घरात कुठंतरी रेडिओ लागला होता, तो सुनेनं बंद केला. अण्णासाहेब म्हणाले, “नाक्यावरचा तो शिपाई, रामकिसन. तो तुझ्या टोपल्याला हात लावणार नाही, हे मला माहीत होतं. विटाळ धरायचा तो. दुसऱ्या बायांची टोपली उपसायचा, तुझं कधी उपसलं नाही. आणि तुझ्यामागं विचारणारं कुणी नव्हतं. ही दोन कारणं.”

रामकिसन. काठी आडवी धरून दोन पावलं मागं सरकणारा. “लांबून जा, लांबून!” तिला वाटायचं, हा आपल्याला भितो. एवढा मोठा मिशाळ माणूस, आणि आपल्याला भितो. घरी येईपर्यंत तिला त्याचं हसू यायचं. द्वारकाबाईंच्या छातीत काहीतरी खाली बसत गेलं, मोठा आवाज न करता. दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. एखाद्या जुन्या लुगड्याची घडी मोडावी आणि आत कसर लागलेली दिसावी, तसं. शेवटी त्यांनी विचारलं, “मंग पंगतीत शेजारी बसवत व्हता, ते?”

“तेही खरं होतं, द्वारका. तुझ्या शेजारी जेवायला बसायचो ते मनापासून. आणि टोपलं तुझ्या डोक्यावर चढवून द्यायचो तेही मनापासून. दोन्ही हात माझेच होते.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, की म्हातारपणाचं नुसतंच गळत होतं, ते कळत नव्हतं. “आणि तो शेळीवाला...”

“कचरू. कचरू नाव व्हतं त्याचं.”

“कचरू,” ते म्हणाले. “मी नाव विसरलो होतो. शेळी लक्षात राहिली. काळी होती ना?” द्वारकाबाईंनी मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन ‘हां’ म्हणाल्या. “त्याचं कुणी आहे का अजून?”

“बहीण हाये. केशर. राजूरला.”

“मी येतो. गाडी सांगतो कुणाला तरी. मीच सांगतो तिला.”

“न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका ठाम कसा आला याचं त्यांना नवल वाटलं. “तुम्ही मला आणलं व्हतं. त्याला मी आणलं व्हतं.”

निघताना अण्णासाहेब खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठून उभे राहिले. सून धावत आली. त्यांचा उजवा हात थोडासा वर गेला, कपाळाच्या दिशेनं, आणि मध्येच थांबला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. द्वारकाबाईंनीही जोडले. परतीच्या गाडीत त्यांना आमराई आठवत होती, अंबाडीची भाजी आठवत होती, आणि ते आठवणं अजूनही गोड होतं, याचीच त्यांना लाज वाटत होती. गोडी जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती गेली नव्हती. रामकिसन काठी धरून मागं सरकत होता, कचरू सतरापर्यंत मोजत होता आणि पंगतीत अण्णासाहेब म्हणत होते, खा गं, भाजी थंड होतेय. काहीच काही पुसत नव्हतं.

राजूरला त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. केशरबाईंच्या मुलाचं मंदिराच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. केशरबाई दारात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. कचरू गेला तेव्हा ही सहा वर्षांची होती. लग्नाकार्यात दोघींची भेट व्हायची, केशरबाई त्यांना आक्का म्हणायच्या. “आक्का! डोळे परत आले म्हणं तुझे?” म्हणून हसून त्यांनी पोतं अंथरलं. द्वारकाबाई पोत्यावर बसल्या. पुढून सुरुवात करावी की मागून, याचा बसमध्ये केलेला विचार सगळा निघून गेला होता. त्यांनी गुळापासून सुरुवात केली. गूळ-शेंगदाणे, नंबर पंधरा, शेळी, पाच खेपा. मग सहावी. ‘नंबर वापस दे’ हे त्यांना सांगायचं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. बार झाला तेसुद्धा सांगितलं. दुकानात हवा भरायच्या मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला, पुन्हा चालू झाला.

सूप केशरबाईंच्या मांडीवर तसंच राहिलं. “मंग नदीनं न्हाई नेलं त्याला,” त्या म्हणाल्या.

“न्हाई.”

“आईनं मरस्तोवर नदीला शिव्या देल्या, आक्का. कुठं लग्नाला जायचं झालं आन् वाटंत ती नदी आली की तोंडावर पदर घ्यायची. पानी पेली न्हाई तिचं कधी.” त्यांनी डाळीतला एक खडा उचलला, पाहिला आणि पुन्हा सुपातच टाकला. “नदीचं काय चुकलं व्हतं?”

द्वारकाबाईंनी पोत्यावर सांडलेले डाळीचे दोन दाणे वेचून सुपात टाकले.

“तू शेळी घेऊन आल्तीस ना आमच्या घरी? मला आठवतं तेवढं. आईनं तुला पोटाशी धरलं व्हतं. पोरीनं शेळी तरी आणली म्हणली.”

“हां.”

“तवा बोलली न्हाईस.”

“न्हाई.”

रस्त्यावरून दर्शनाला निघालेल्या लोकांची एक जीप गेली, धूळ आत आली, केशरबाईंनी सुपावर पदर धरला. मग त्यांनी विचारलं, “त्या दिवशी जेवला व्हता का?”

हो म्हणणं सोपं होतं. द्वारकाबाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “सकाळी लवकर निघाल्तो. आल्यावर जेवायचं ठरलं व्हतं.”

केशरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या रडतील असं वाटलं, ओरडतील असंही वाटलं. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून द्वारकाबाईंच्या पुढं ठेवलं, पण पी म्हणाल्या नाहीत. “पाच वाजता जालन्याची गाडी हाये. तिनं जा.”

द्वारकाबाईंनी मान हलवली आणि हाताचा टेकू देऊन उठायला लागल्या. गुडघा धरला होता. केशरबाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि धरलेला हात लगेच सोडला नाही.

“पुन्हा ये,” त्या म्हणाल्या. “आज एवढंच. समदं एकदम न्हाई ऐकवत. पुढच्या बारीला नुसतं तो दिसायला कसा व्हता ते सांग. मला त्याचं तोंडच आठवत न्हाई.”